गावात वाघाची सोंगे, लखनौत काळे कपडे, सहकाऱ्याचा रोजा : यातला मोहरम नेमका कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे गृहस्थ विचारतात : "आमच्याकडे मोहरमला ढोल-ताशे, वाघाची सोंगे, पीर नाचवणे, चोंगे-मलिदा असा सगळा उत्सवी थाट असतो. नोकरीमुळे दोन वर्षे लखनौला होतो, तिथे लोक काळे कपडे घालून छाती पिटत रडताना पाहिले. मुंबईतला माझा मुस्लिम सहकारी तर म्हणतो, आम्ही यातले काहीच करत नाही, दोन दिवस रोजा धरतो. तिघेही मुसलमानच. मग खरा मोहरम कोणता? आणि आमच्या गावचे लोक चुकतात का?"

माझा जन्म सांगली भागातल्या मुजावराच्या, म्हणजे पिराची सेवा सांभाळणाऱ्याच्या घरातला. आजोबा पीर धरायचे, म्हणजे मिरवणुकीत पंजाची काठी घेऊन चालायचे. पुढे मोहरमची गाणी गोळा करत मी बरीच गावे आणि शहरे फिरलो. त्या जोरावर लिहितो आहे. यात धर्मशास्त्राचा निवाडा मिळणार नाही, तो आलिमांचा, धर्मपंडितांचा प्रांत.

घटना सगळ्यांची एकच आहे. हिजरी सन ६१, मोहरमची दहावी तारीख, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०. इराकात फुरात नदीजवळच्या करबलाच्या मैदानावर पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे मूठभर साथीदार, परंपरेने बहात्तर, खलिफा यजीदच्या फौजेकडून मारले गेले. पाणी तीन दिवस तोडलेले होते. हुसेन यांचा सहा महिन्यांचा मुलगा अली असगर, पाणी आणायला गेलेले भाऊ आणि निशाणबरदार अब्बास, तरणाताठा पुतण्या कासिम आणि मागे उरलेल्या बहीण झैनब. ही माणसे माहीत असली की कुठल्याही गावातला मोहरम निम्मा समजतो. तुमच्या गावात रस्त्यावर सरबत का वाटतात? करबलात पाणी मिळाले नव्हते म्हणून.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. तो बहुधा सुन्नी असणार. सुन्नी परंपरेत दहावीचा, म्हणजे आशुराचा रोजा करबलाच्याही आधीचा आहे. मूसा पैगंबर आणि त्यांचे लोक फिरऔनच्या तावडीतून सुटले त्याची ती आठवण, आणि त्याला जोडून नववीचाही रोजा धरतात. हुसेन त्यांनाही तितकेच प्रिय, पण शोक मिरवणे त्यांना मान्य नाही. देवबंदी आणि अहले हदीस या सुन्नी पंथांची मंडळी ताजियाला, म्हणजे ताबुताला, उघड विरोध करतात. पुष्कळांना वाटते की सुन्नींतलेच बरेलवी लोक मात्र ताजियाच्या बाजूचे असतात. पण त्या पंथाचे खुद्द बरेलीचे अहमद रझा खान यांनी रूढ ताजियेदारीविरुद्ध लिहून ठेवले आहे. तरी मुंबईतल्या सुन्नी मोहल्ल्यांत दहा रात्री शहादतीची बयाने म्हणजे प्रवचने होतात, सबीली म्हणजे पाणपोया लागतात, मोठमोठ्या देगांत खिचडा शिजतो. केरळातल्या माप्पिळांकडे किंवा आपल्या कोकणी मुसलमानांकडे रोजा, कुराणपठण आणि फार तर एखादे बयान, एवढ्यावर भागते. तेव्हा सहकारी खोटे बोलत नाही. पण तुमचा गाव सुन्नी असूनही डोले म्हणजे ताबूत उचलतो, यावरून एक गोष्ट कळावी : नुसत्या पंथावरून हा गुंता सुटत नाही.

माझ्या मते फरक पडतो तो दोन गोष्टींनी. शोक करायची त्या मुलखाची आधीपासूनची रीत कोणती होती आणि त्याला आश्रय कोणी दिला. 'ताजिया' हा एकच शब्द घ्या. इराणात ताजिया म्हणजे नाटक. मोकळ्या गोल जागेत करबलाचा प्रसंग उभा करतात. हुसेनच्या बाजूची पात्रे हिरव्या-पांढऱ्या वेषात गाऊन बोलतात, यजीदच्या फौजेतला शिम्र आणि त्याचे लोक लाल वेषात नुसतेच ठणकावून बोलतात. दुष्टाला सूर नाही. नटांच्या हातात संवादांच्या चिठ्ठ्या असतात, पाठ असले तरी. 'मी हुसेन नाही, त्यांचे शब्द फक्त वाचतो आहे' हे त्यातून सांगायचे असते. २०१० साली युनेस्कोने हे नाट्य वारसा म्हणून नोंदवले. तोच शब्द उत्तर हिंदुस्थानात आला आणि त्याची वस्तू झाली. हुसेन यांच्या कबरीची बांबू-कागदाची प्रतिकृती म्हणजे ताजिया. आपल्याकडे तिला ताबूत म्हणतात किंवा डोला. गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर ती त्रिनिदादला घेऊन गेले, तिथे ती 'ताजा' झाली आणि सणाचे नाव हुसेनवरून 'होसे' पडले. सुमात्राच्या बेंगकुलूत इंग्रजांच्या वखारीबरोबर हिंदी शिपाई गेले. तिथे आजही सणाला 'ताबोत' म्हणतात. कडेगावचा ताबूत आणि बेंगकुलूचा ताबोत ही एकाच शब्दाची दोन घरे.

लखनौ तुम्ही पाहिले आहे, तरी थोडे सांगतो. तिथला मोहरम शियांचा, आणि तो शिया नवाबांनी घडवला. असफुद्दौलाचा बडा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळात रोजगार म्हणून बांधायला घेतला होता. चंद्र दिसला की बायका बांगड्या उतरवतात. लाल कपडा नाही, लग्न नाही, साखरपुडासुद्धा नाही. हे दहा दिवसांचे नसून दोन महिने आठ दिवसांचे असते. रबीउल अव्वलच्या आठवीला 'चूप ताजिया' निघतो तेव्हा संपते. नावाप्रमाणे ती मिरवणूक बिनवाद्यांची, जवळजवळ मुकी.

पण लखनौचा प्राण मिरवणुकीत नाही, मजलिसीत, म्हणजे शोकसभेत आहे. जमिनीवर पांढरी चादर, समोर काळा कपडा घातलेले मिंबर, म्हणजे वक्त्याचे उंच आसन. आधी दोघे-तिघे मिळून सोज हे शोकगीत म्हणतात, रागदारीत पण साजाशिवाय, एकाने आधाराचा सूर धरून ठेवलेला. मग सलाम आणि मर्सिया ही शोककाव्ये, मग जाकिराचे, म्हणजे करबला सांगणाऱ्या वक्त्याचे व्याख्यान. ते अर्धा-पाऊण तास विद्वत्तापूर्ण चालते, लोक वाहवा करतात, कुणी हसतातही. नवखा माणूस गोंधळतो की हे रडणार कधी. शेवटच्या पाच-सात मिनिटांत जाकीर 'मसाइब'वर, म्हणजे करबलाच्या दुःखांवर येतो, आवाज खाली जातो, तो फक्त एवढेच म्हणतो की अब्बासांची मशक, पाण्याची पखाल, फुटली, आणि सगळा हॉल एकदम फुटतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारचे वयस्कर वकील दोन मिनिटांपूर्वी मला सांगलीच्या हळदीचा भाव विचारत होते, ते लहान मुलासारखे रडत होते. नोहा हे शोकगीत आणि मातम म्हणजे छाती पिटणे झाले, तबर्रुकाची, म्हणजे प्रसादाची पुडी हातात पडली आणि ते पुन्हा हळदीवर आले. त्यात ढोंग नव्हते. तिथे रडणे ही येणारी, जाणारी आणि शिकवलेली गोष्ट आहे, जशी आपल्याकडे कीर्तनात बुवा उत्तररंगात श्रोत्यांना नेतात.

मीर अनीस (१८०३–१८७४) आणि मिर्झा दबीर (१८०३–१८७५) यांच्या मर्सियांनी हे घडवले. सहा-सहा ओळींच्या कडव्यांत त्यांनी करबला लिहिली, पण त्यातल्या बायका अवधच्या हवेलीतल्या बायकांसारख्या बोलतात. निरोपाला भाऊ आला की बहीण तशीच बलाएं, म्हणजे त्याची इडापिडा, स्वतःवर घेते, तसाच हट्ट धरते. अरबस्तानातले दुःख लखनौच्या अंगणात आणल्याशिवाय लखनौ रडले नसते. हेच प्रत्येक ठिकाणी झाले आहे, फक्त अंगणे वेगळी.

आपले अंगण दख्खनचे. इथे मोहरम नवाबांच्या दोनशे वर्षे आधी आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने सोळाव्या शतकात शिया पंथ स्वीकारला, विजापूरची आदिलशाही शिया-सुन्नी अशी हेलकावत राहिली, गोवळकोंड्याचे कुतुबशहा तर शियाच. मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसवतानाच बादशाही आशूरखाना, म्हणजे मोहरमचे शोकस्थान, बांधला आणि स्वतः दख्खनीत मर्सिये लिहिले. या राज्यांनी एक पक्के केले : दख्खनच्या मोहरमच्या मध्यभागी कबरीची प्रतिकृती नसेल, 'अलम' असेल. अब्बासांचे निशाण, धातूचे, बहुधा हाताच्या पंजाच्या आकाराचे. त्यालाच आपण पंजा म्हणतो, पीर म्हणतो, सवारी म्हणतो. हैदराबादेत आजही दहावीला बीबी का अलम हत्तीवरून निघतो. सुन्नी असलेले निजामही त्याला धट्टी, म्हणजे भरजरी कापड, अर्पण करत.

राज्ये गेली, सुन्नी सत्ता आली, शिया घरे शहरांत उरली, पण पंजे खेड्यांत राहिले. ते सांभाळले कोणी? मुजावर-फकिरांनी, आणि मराठा, धनगर, लिंगायत, महार, मांग अशा सगळ्यांनी. खेड्याला शोकसभा माहीत नव्हती. खेड्याला नवस माहीत होता, अंगात येणे माहीत होते, पालखी आणि भेट माहीत होती. म्हणून करबला त्या रूपात रुजली.

आमच्या घरचे सांगतो. चंद्र दिसला की मशिदीपुढे कुदळ मारायची, आलाव्याचा, म्हणजे निखाऱ्यांचा खड्डा खणायचा. पेटीतले पंजे काढून चिंच लावून घासायचे. आठ-दहा वर्षांच्या पोरांना त्या चिंचेच्या वासावरून मोहरम आलेला कळायचा. मग काठीला पंजा बांधायचा, त्यावर नवे कापड, नाडा, फुलांचा सेहरा, पुढे ऊद. पीर 'बसले'. ज्यांचे मूल नवसाचे, ते त्याला फकीर करत : गळ्यात रंगीत दोऱ्याची सैली, हातात झोळी, पाच घरी मागायचे. आमच्याकडे मागायला येणाऱ्या पोरांत अर्धी पाटील-जाधवांची असत. वाघाचे सोंगही मूळ नवसाचेच. अंगावर पट्टे ओढून नाचणारा तो गडी बहुतेक वेळा आजारातून उठलेला किंवा मूल वाचलेला बाप असायचा.

नववीच्या रात्रीला आपण 'कत्तलची रात' म्हणतो. त्या रात्री सवाऱ्या उठतात. पीर धरणारा घराण्यातला ठरलेला माणूस. आजोबा एरवी अबोल होते. त्या रात्री काठी हातात आली की त्यांचे दात आवळले जायचे आणि ते पुढे-मागे झोके घेत 'दुल्हा, दुल्हा' म्हणत निखाऱ्यांकडे जायचे. हा दुल्हा कोण ते मला फार उशिरा कळले. लोकपरंपरा सांगते की कासिमचे लग्न रणाच्या आदल्या दिवशी लागले आणि तो मेंदीच्या हातांनीच मेला. तुमच्या गावात सवारीला सेहरा का बांधतात याचे उत्तर इथे आहे. तो थाट लग्नाचा आहे आणि नवरदेव दुसऱ्या दिवशी मरणार आहे हे गावाला ठाऊक आहे. याला उत्सव म्हणायचे की शोक? (जाता जाता : मिरवणुकीतले 'या हसन, या हुसेन' गोऱ्या सोजिरांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असे ऐकले, आणि १८८६ साली निघालेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशाला तेच नाव मिळाले.)

बायकांचा मोहरम चुलीपाशी. गुळाच्या पाण्यात कणीक मळायची, जाडसर लाटायची, लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठवायची, तव्यावर भाजून तूप लावायचे, हे चोंगे. चपाती कुस्करून गूळ-तूप घातले की मलिदा. दादी चोंगे थापताना रिवायत, म्हणजे करबलाचे कथागीत म्हणायची, तिच्या दख्खनीत, मधूनच मराठी ओळ. असगरच्या पाळण्याच्या ओळीला थांबायची, डोळ्याला पदर लावायची, पुढचा चोंगा घ्यायची. लखनौच्या वकिलाची आणि तिची कधी भेट झाली असती तर दोघांना एकमेकांचा मोहरम विचित्र वाटला असता. रडण्याची जागा मात्र दोघांची जवळजवळ एकच होती.

ताबुतांची गोष्ट वेगळी लिहावी इतकी मोठी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला शंभर फुटांहून उंच ताबूत होतात, काही मान हिंदू घराण्यांकडे आहेत. त्यांची बांधणी वरून खाली चालते, आधी कळस मग पाया, आणि दहावीला ते एकमेकांना भेटतात तेव्हा चौक श्वास रोखून धरतो. नगरला कोठला भागातून निघणाऱ्या बारा इमामांच्या सवाऱ्यांना लाखांची गर्दी असते. कोल्हापुरात तालमी जसा गणपती बसवतात तसेच पंजेही बसवतात.

ते गणपतीचे नाते वरवरचे नाही. १८९३ च्या मुंबईच्या हिंदू-मुस्लिम दंगलीपूर्वी पुण्या-मुंबईतले हिंदू मोहरममध्ये मोठ्या संख्येने असत. दंगलीनंतर त्यांनी दूर राहावे अशी हाक दिली गेली आणि १८९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला. गाणी म्हणत फिरणारे गणपतीचे मेळे पाहा आणि मोहरमच्या गात फिरणाऱ्या टोळ्या आठवा, ठेवण ओळखू येते. कृष्णाकाठच्या गावांपर्यंत ती फाळणी पूर्ण पोहोचलीच नाही. २०१८ ते २०२० अशी तीन वर्षे मोहरम गणेशोत्सवात आला, तेव्हा आमच्याकडे एकाच गल्लीत दोन्ही आरास होत्या. २०२४ आणि २०२५ ला आशुरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. यात चमत्कार नाही. दोन्ही कालगणना चंद्राच्या. चंद्रदर्शनापासून दहावा दिवस म्हणजे आपली शुद्ध दशमी किंवा एकादशीच. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून महिना तेवढा सरकत राहतो.

मुंबईचा तुम्हाला वाटतो तो एक मोहरम नाहीच, चार-पाच आहेत. डोंगरी-भेंडीबाजारात इराणी घराण्यांची १८६० ची मोगल मशीद आहे; त्या भागातले इराणी, खोजा इस्ना अशरी (बारा इमाम मानणारे खोजा) आणि उत्तरेतून आलेले शिया आपापल्या भाषेत नोहे म्हणतात आणि दहावीची मिरवणूक माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानाकडे जाते. दाऊदी बोहरा मंडळींचे 'अशरा' शिस्तीचे : नऊ दिवस सकाळी वाअज म्हणजे प्रवचन, पुरुष पांढऱ्या कपड्यांत. त्यांची दिनदर्शिका गणिती असल्याने त्यांचा आशुरा बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येतो, आणि बातमीदार दर वर्षी त्यात घोळ घालतात. सुन्नींचे ताबूत पूर्वी मुंबईत समुद्रात नेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोलिसांनी नियम इतके आवळले की ती प्रथा आटली.

समुद्रावरून एक बारीक फरक. लखनौचे ताजिये तालकटोऱ्याच्या 'करबला' नावाच्या दफनभूमीत पुरतात, दफन करतात. आपल्याकडे नदीत किंवा विहिरीत 'थंडे' करतात. त्रिनिदादचे समुद्रात जातात. प्रतिकृती तीच, निरोप मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. त्रिनिदादच्या होसेला रक्ताची आठवणही आहे : ३० ऑक्टोबर १८८४ रोजी ताजे घेऊन सान फर्नांडो शहरात येऊ पाहणाऱ्या ऊस-मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या मजुरांत हिंदूही पुष्कळ होते. शोकाची मिरवणूक सरकारला नेहमीच संशयास्पद वाटते. लखनौतही १९७७ पासून १९९८ पर्यंत मिरवणुकांवर बंदी होती. श्रीनगरमध्ये आठवीची मिरवणूक तीसेक वर्षांनी २०२३ साली जुन्या मार्गाने निघाली. सद्दामच्या इराकात करबलाला पायी जाणे धोक्याचे होते. तो गेल्यावर आशुरानंतरच्या चाळिसाव्याला नजफहून करबलापर्यंतची सुमारे ऐंशी किलोमीटरची वाट लाखो लोक चालू लागले. वाटेवर फुकट जेवण, पाय चेपून देणारे, झोपायला गाद्या. वारी केलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही.

रक्त काढण्याबद्दल लोक हटकून विचारतात. साखळ्या आणि सुऱ्यांचा मातम शियांमध्येही सर्वमान्य नाही. इराणचे आयतुल्ला खामेनी यांनी १९९४ मध्ये सुऱ्यांच्या मातमाविरुद्ध फतवा दिला, लेबनॉनच्या नबातियेत तो तरी चालू राहिला, आणि आपल्याकडे बऱ्याच शहरांत आता त्याच दिवशी रक्तदान शिबिरे भरतात. तुर्कस्तानचे अलेवी दुसऱ्या टोकाला : बारा दिवस उपास, त्यात साधे पाणीही टाळायचे, आणि शेवटी कडधान्ये-सुकामेव्याची 'आशुरे' खीर शेजाऱ्यांत वाटायची. मातम नाही, मिरवणूक नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, गाव चुकतो का. लखनौच्या मापाने चुकतो. सहकाऱ्याच्या मापाने लखनौही चुकते. मी मुजावराचा मुलगा, मला गावाचे माप ठाऊक आहे. पीर धरणारा रात्रभर अनवाणी असतो, त्या दहा दिवसांत आमच्या घरी लग्नाची बोलणी होत नसत, पलंगावर कोणी झोपत नसे. तुम्ही ढोल पाहिलात, हे घरात चालते म्हणून दिसले नसेल. चूक मला दिसते ती अलीकडची : सवारीपुढे डीजे लावणे, ज्याच्या दणक्यात रिवायत म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. आणि 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' असे फलक. पुढाऱ्यांना कोणीतरी सांगा.

गावी गेलात तर दहावीनंतरही दोन दिवस थांबा. पंजे थंडे झाल्यावर तिसऱ्या दिवशी जियारत हा शेवटचा विधी होतो, तिला गर्दी नसते. ढोलवाले निघून गेलेले असतात. मुजावर काठीवरचा नाडा सोडतो, सेहऱ्याची सुकलेली फुले एका फडक्यात बांधतो, पंजा पुसून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळतो आणि पेटीत ठेवतो. आजोबा पेटी लावताना कोणाशी बोलत नसत. कुलूप घातले की मागे न बघता विहिरीवर जायचे, पाय धुवायचे आणि त्या दिवसापासून चपला घालायचे.